कागद कुणाला लिहिला होता?

जबलपूरच्या उत्तरेला अधारताल आहे. राणी दुर्गावतीचा दिवाण अधारसिंह यानं हे तळं बांधवलं, अशी इथली परंपरा. राणीचं ते राणीताल, तिच्या दासीचं ते चेरीताल आणि दिवाणाचं ते अधारताल. आज अधारताल म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आधी कृषी विद्यापीठ येतं, मग स्टेशन, आणि तळं सगळ्यांत शेवटी. पण नाव टिकलं आहे. एखाद्या चौकस माणसाला वाटतं, की हा अधार खरोखर होता का, कुणी त्याच्याबद्दल त्याच्याच काळात काही लिहून ठेवलं आहे का?

ठेवलं आहे, पण शत्रूनं. १५६४ साली ज्या फौजेनं दुर्गावतीवर चाल केली, त्या फौजेच्या बादशहाचा इतिहास अबुल फजलनं फारसीत लिहिला, आणि त्या अकबरनाम्यात हा अधार कायस्थ भेटतो. दिवाणाचं तळं जबलपुरात आणि दिवाणाची हकीकत अकबराच्या दरबारात.

पुढच्या काळातही कागदांची रीत हीच राहिली. घटना जिथे घडते तिथे कागद राहत नाही. तो ज्याला लिहिला त्याच्याकडे जातो आणि त्या माणसाच्या कचेरीच्या दप्तरात पडून राहतो. म्हणून दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जायचं मनात आलं, की तिकीट काढण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर वहीत लिहायचं: मला हव्या असलेल्या साली जबलपूरहून कोण कुणाला लिहीत होतं?

या एका गावापुरतं उत्तर दर पिढीला बदलतं. १७८१ मध्ये गढा-मंडल्याचं गोंड राज्य संपलं आणि मुलूख सागरच्या मराठी अंमलाखाली, म्हणजे पर्यायानं पेशव्यांकडे आला. तेव्हाची बरीवाईट बातमी पुण्याकडे जायची. १७९८ मध्ये पेशव्यांनी मंडला आणि नर्मदेचं खोरं नागपूरकर भोसल्यांना दिलं, मग कागद नागपूरकडे वळले. १९ डिसेंबर १८१७ रोजी इंग्रजांनी लढून जबलपूर घेतलं, तेव्हापासून पत्रांचा ओघ कलकत्त्याकडे गेला. पुढे सागर-नर्मदा मुलूख वायव्य प्रांताला जोडला गेला आणि वरिष्ठ आग्र्याला बसू लागले. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी सचिवालय भोपाळला गेलं आणि उच्च न्यायालय मात्र नागपूरहून जबलपुरात आलं. पावणेदोनशे वर्षांत एकाच गावाचे साहेब पुणे, नागपूर, कलकत्ता, आग्रा, पुन्हा नागपूर आणि शेवटी भोपाळ असे बदलले. तेवढ्या ठिकाणी दप्तरं झाली.

ही यादी जवळ असली की निम्मं काम घरीच होतं. अधारतालच्या जमिनीचा, तळ्याच्या पाण्यावरच्या हक्काचा किंवा मौज्याच्या हद्दीचा वाद शोधायचा असेल, तर दिल्लीला जाण्यात अर्थ नाही. ते काम जिल्हा कचेरीच्या रेकॉर्ड रूमचं. बंदोबस्ताची मिसल आणि गावाचं वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावच्या रूढी-हक्कांची नोंद, तिथे मागायचं, नकलेचा अर्ज करायचा आणि चकरा मारायची तयारी ठेवायची. दिल्लीचं नाव मोठं म्हणून लोक आधी दिल्ली गाठतात, आणि ज्या गोष्टीवर कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलनं कधी नजरही फिरवली नसेल, तिच्यासाठी आठ दिवस सूची चाळून रिकाम्या हातानं परततात.

मग दिल्लीला कशासाठी जायचं? एक घटना घेऊन बघू. ती जबलपूरची आहे, मराठी माणसाच्या जिव्हाळ्याची आहे, आणि तिचे कागद इतके विखुरले आहेत की प्रवासाची आखणी शिकायला तिच्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

नोव्हेंबर १८१७ च्या अखेरीस सीताबर्डीची लढाई झाली. नागपूरचे राजे मुधोजी भोसले, म्हणजे आप्पासाहेब, हरले. इंग्रजांनी त्यांना पुन्हा गादीवर बसू दिलं. पण मार्च १८१८ मध्ये रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सनं त्यांना कैद केलं आणि अलाहाबादच्या किल्ल्यात ठेवण्यासाठी पहाऱ्यात रवाना केलं. वाट जबलपूरवरून होती. मे महिन्याच्या मध्याला, जबलपूर एका मुक्कामावर राहिलं असताना, पहाऱ्यावरचे काही शिपाई फितवून आप्पासाहेब शिपायाच्याच वेशात रात्री छावणीतून निसटले. पहाऱ्याचा अधिकारी कॅप्टन ब्राऊन. आप्पासाहेब महादेवाच्या डोंगरात, म्हणजे पचमढीकडे गेले, गोंडांनी त्यांना आसरा दिला. तिथून असीरगड, असीरगडाहून पंजाबात रणजितसिंहाकडे, आणि अखेर जोधपूर. १८४० मध्ये ते जोधपुरातच वारले. बावीस वर्षं एक माणूस फरारी होता आणि कंपनी सरकार त्याच्यामागे कागद लिहीत होतं.

आता आपला प्रश्न विचारा. त्या रात्री कुणी कुणाला लिहिलं असेल? ब्राऊननं नागपूरला जेंकिन्सला कळवलं असणार. जेंकिन्सचे वरिष्ठ म्हणजे गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज आणि त्यांचा राजकीय सचिव जॉन अॅडम. आसपासच्या छावण्यांतल्या लष्करी अधिकाऱ्यांना सावधगिरीचे खलिते गेले असणार. बक्षीस जाहीर झालं, म्हणजे जाहीरनाम्याचा मसुदा आला. शिपायांची चौकशी आली. कलकत्त्याला सगळं पोचल्यावर तिथून लंडनला संचालकांकडे नकला गेल्या. कंपनीच्या कारभाराला नकलांचं व्यसन होतं, आणि त्या व्यसनाचे उपकार आज आपल्यावर आहेत: एक प्रत वाळवीनं खाल्ली तरी दुसरी कुठेतरी असण्याची आशा ठेवता येते.

यातली कलकत्त्याची प्रत आज दिल्लीत आहे. ती तिथे कशी आली ही गोष्टही सांगण्यासारखी आहे. ११ मार्च १८९१ रोजी कलकत्त्यात ‘इम्पीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट’ स्थापन झालं, वेगवेगळ्या खात्यांचं जुनं दप्तर एका ठिकाणी आणायला. राजधानी दिल्लीला हलवायचं १९११ मध्ये ठरलं, पण साहेब हलले तितक्या सहज दप्तर हललं नाही. ल्युटेन्सनं आखलेली लाल-पिवळसर दगडाची इमारत १९२६ मध्ये उभी राहिली आणि कागदांचं स्थलांतर पूर्ण व्हायला १९३७ उजाडलं. सर्वसामान्य संशोधकांसाठी दारं खऱ्या अर्थानं उघडली ती १९३९ च्या सुमारास, सुरेंद्रनाथ सेन प्रमुख झाल्यावर. हे सेन बंगाली, पण त्यांचं नाव झालं ते मराठ्यांच्या मुलकी आणि लष्करी व्यवस्थेवरच्या ग्रंथांमुळे. दिल्लीच्या त्या वाचनकक्षाची वाट मराठी इतिहासाच्या एका अभ्यासकानं मोकळी केली, हे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून इथे सांगून ठेवतो.

तिथे सलग मालिका १७४८ पासूनच्या आहेत. आपल्याला लागणारं खातं परराष्ट्र खात्याचं. देशी संस्थानं कंपनीच्या लेखी ‘परराष्ट्र’ होती, म्हणून नागपूरचा राजा जबलपूरजवळून पळाला तरी त्याची चिंता परराष्ट्र खात्याला. या खात्याच्या कागदांना त्या काळात ‘कन्सल्टेशन’ म्हणत. गुप्त वेगळी, राजकीय वेगळी. आणि इथेच नवख्या माणसाचा पाय हमखास घसरतो.

कन्सल्टेशनवरची तारीख पत्राची नसते. कौन्सिलपुढे ते पत्र ज्या दिवशी मांडलं आणि नोंदलं, त्या दिवसाची ती असते. जबलपूरहून निघालेलं पत्र नागपूरला, तिथून गव्हर्नर जनरलच्या छावणीला, तिथून कलकत्त्याला, मग कौन्सिलच्या बैठकीला. मे महिन्यातलं पत्र जूनमध्ये, जुलैमध्ये, कधी त्याहूनही पुढच्या तारखेखाली सापडतं. मी पहिल्यांदा एका मोठ्या अभिलेखागारात गेलो तेव्हा हे ठाऊक नव्हतं. दोन दिवस मी एका महिन्याचे कागद मागवत राहिलो, ते मिळत गेले, आणि त्यात मला हवं ते अवाक्षर नव्हतं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या एका वयस्कर बाईंनी माझी मागणीची चिठ्ठी पाहिली आणि हसून म्हणाल्या, “बेटा, दो महीने आगे देखो.” दोन महिने पुढे सगळं होतं. चूक पूर्णपणे माझी होती. छापील पुस्तकाच्या तळटिपेत दोन तारखा दिसत होत्या आणि त्यांतली दुसरी कशाची हे मी कधी विचारलंच नव्हतं.

१८६० नंतर ही पद्धत बदलते. ‘प्रोसीडिंग्ज’ येतात, त्यांचे महत्त्वानुसार ए आणि बी असे वर्ग पडतात, आणि पुढे आज आपल्या ओळखीची फाईल येते. ज्याचं काम १८६० च्या अलीकडचं आहे त्याला कन्सल्टेशन शिकावं लागत नाही. १८४२ च्या बुंदेल्यांच्या उठावासारखं काही शोधणाऱ्याला मात्र सुटका नाही.

दुसरा खड्डा नावांचा. साहेबाच्या कारकुनानं जबलपूर कसं लिहिलं असेल? ‘जब्बलपोर’, ‘जुब्बुलपूर’, ‘जबलपोर’ अशा चालीनं, इंग्रजी अक्षरं दरवेळी वेगळी. नागपूरचं ‘नागपोर’, सागरचं ‘सॉगर’, नर्मदेचं ‘नर्बुद्दा’, भोसल्यांचं ‘भोंसला’, गढ्याचं ‘गुर्रा’. ‘आप्पासाहेब’ कधी एका ‘प’नं, कधी दोन ‘प’नी, आणि ज्या अधिकाऱ्याला राग आला आहे त्याच्या पत्रात नुसताच ‘माजी राजा’. वहीत प्रत्येक नावासमोर इंग्रजीत चार-पाच रूपं लिहून ठेवा. अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ मार्च २०१५ पासून चालू आहे. घरबसल्या नाव नोंदवून सूचीत शोध घेता येतो आणि पुष्कळ कागदांची छायाचित्रंही तिथेच पाहता येतात. पण यंत्राला ‘जबलपूर’ आणि ‘जब्बलपोर’ एकच हे कळत नाही. एक रूप टाकून “काहीच नाही” म्हणणारे मी बरेच पाहिले आहेत.

अधारतालला घरी बसून एक महिना या संकेतस्थळावर घालवला, तर दिल्लीचे आठ दिवस वाचतात. कदाचित दिल्ली गाठायची गरजच उरत नाही, तशीही माणसं आहेत. पण जायचंच असेल तर शोधाचं फळ म्हणून एक तक्ता हातात हवा: खातं, शाखा, कन्सल्टेशनची तारीख, क्रमांक आणि आपल्याला तो कागद का हवा याची एक ओळ. शेवटचा रकाना हास्यास्पद वाटतो. चौथ्या दिवशी दुपारी, पंचवीसावी चिठ्ठी भरताना, तोच कामाला येतो.

त्याआधी छापील साधनं संपवायची. ग्रँट डफचा १८२६ चा इतिहास, जेंकिन्सचा नागपूर मुलखाविषयीचा १८२७ चा अहवाल, आणि यादव माधव काळे यांचा नागपूरकर भोसल्यांचा इतिहास. काळ्यांचं पुस्तक वऱ्हाड-नागपूरकडच्या जुन्या वाचनालयांत अजून मिळतं. जे छापलं गेलं आहे ते पुन्हा हातानं उतरवायला दिल्लीला जाणं म्हणजे घरी विहीर असताना नर्मदेवरून कावड आणणं. पुण्य लागेल, पण दिवस जाईल.

इंग्रजी कागद एका बाजूचे. दुसरी बाजू मोडीत आहे आणि ती दिल्लीत शोधून फारशी हाती लागणार नाही. पेशव्यांचं दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात, कापडाच्या रुमालांत बांधलेलं. तिथे गठ्ठ्यालाच रुमाल म्हणतात. गो. स. सरदेसाई यांनी त्यातून निवडून काढलेले पंचेचाळीस खंड १९३० च्या दशकात छापले गेले, पण रुमाल हजारांनी आहेत आणि सरदेसायांनी निवडलं नाही ते सगळं अजून तिथेच आहे. नागपूरला महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख विभागाची शाखा आहे, विदर्भ संशोधन मंडळ आहे. आणि घरोघरच्या पेट्या तर कुणी मोजलेल्याच नाहीत. वि. का. राजवाडे यांनी ज्या चिकाटीनं गावोगाव फिरून वाड्यांच्या माळ्यांवरचे कागद गोळा केले त्यातून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड झाले, आणि १९१० मध्ये पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. जबलपूर-सागरकडच्या मराठी घरांतही अशा पेट्या होत्या. काही अजून असतील. आजोबांच्या ट्रंकेत मोडी कागद असेल तर तो रद्दीत जाण्याआधी फोटो तरी काढून ठेवा.

मोडी वाचता आली तरी तारीख अडवते. ‘समान अशर मयातैन व अलफ’ असं काही दिसलं की घाबरू नये. हे अरबी आकडे उलटे, एककापासून सुरू होतात: समान म्हणजे आठ, अशर म्हणजे दहा, मयातैन दोनशे, अलफ हजार. बेरीज बाराशे अठरा. हा सुहूर सन. मृगापासून वर्ष सुरू होतं, आणि इसवी सन काढायला त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. म्हणजे १८१७ चा मृग ते १८१८ चा मृग. सीताबर्डीची लढाई आणि आप्पासाहेबांचं पलायन, दोन्ही याच सनात बसतात, कारण मे १८१८ च्या मध्याला मृग लागायचा होता. एक जंत्री बॅगेत टाकायची. मोबाइलवर असली तरी छापील असावी, कारण वाचनकक्षात मोबाइल जवळ ठेवू देतील याची खात्री धरू नये.

आता तिकीट काढायला हरकत नाही. जबलपूरहून दिल्लीला श्रीधाम आहे, गोंडवाना आहे, संपर्क क्रांती आहे. महाकोशल कटनी-सतन्याच्या अंगानं जाते, म्हणजे अधारतालच्या रुळांवरूनच. कधी जायचं याबद्दल माझं मत ठाम आहे: डिसेंबर-जानेवारी टाळा. धुक्यानं गाड्या दहा-दहा तास रखडतात, त्यात अभिलेखागार जनपथावर, कर्तव्यपथाच्या अगदी लगत. कर्तव्यपथ म्हणजे २०२२ पर्यंतचा राजपथ. प्रजासत्ताकदिनाच्या संचलनाच्या सरावासाठी जानेवारीच्या उत्तरार्धात तिथले रस्ते बंद होतात आणि आसपासच्या कचेऱ्यांचं वेळापत्रक कोलमडतं. ऑगस्टचा पहिला पंधरवडाही तसाच. शाळांच्या सुट्टीत मे महिना मोकळा असतो म्हणून काही शिक्षक मंडळी उन्हात दिल्लीला जातात. त्यांचं धैर्य मोठं. फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च उत्तम, फक्त होळीची सुट्टी पाहून घ्या. शनिवार-रविवार आणि राजपत्रित सुट्ट्या वजा करून जेवढे दिवस उरतात तेवढेच आपले. दहा दिवसांचं रेल्वे आरक्षण म्हणजे कामाचे फार तर सहा-सात दिवस.

त्यातला पहिला दिवस नोंदणीत जातो असं धरून चाला. ओळखपत्र, त्याच्या प्रती, पारपत्र आकाराचे फोटो. विद्यापीठात असाल तर विभागप्रमुखांचं किंवा मार्गदर्शकांचं पत्र. स्वतंत्र अभ्यासक असाल तर आपलं काम एका पानात सांगणारा अर्ज तयार ठेवा, त्यात विषय आणि साल स्पष्ट हवेत. ‘भारताचा इतिहास’ असा विषय लिहिणाऱ्याला कुणीही मदत करू शकत नाही. ‘नागपूरच्या माजी राजाचं पलायन, १८१८’ असं लिहिणाऱ्याला काउंटरवरचा माणूस स्वतःहून दोन सूची काढून देतो. जाण्याच्या पंधरा दिवस आधी ईमेल करून वाचनकक्ष सध्या कोणत्या इमारतीत चालतो, वेळा काय, मागणीच्या चिठ्ठ्या दिवसातून कधी घेतात आणि नकलांचे दर काय हे विचारून घ्या. सेंट्रल व्हिस्टाच्या कामांत त्या परिसराचा नकाशाच बदलत गेला आहे. जुन्या पुस्तकातल्या वर्णनावर विसंबू नका. मेट्रोनं सेंट्रल सेक्रेटेरिएटला उतरलं की पायी जाता येतं.

राहण्यासाठी पहाडगंजचं बृहन्महाराष्ट्र भवन बऱ्याच मराठी अभ्यासकांना ठाऊक आहे. जवळ राहण्याचा मोह सोडा, मेट्रोजवळ राहा. संध्याकाळी वह्या नीट करायला टेबल आणि दिवा असलेली खोली हवी, बाकी सोयी दुय्यम.

वाचनकक्षात पेन चालत नाही, पेन्सिल न्या, दोन न्या. चिठ्ठी भरून दिली की कागद लगेच येत नाहीत. ते तळघरांतून आणि मजल्यांतून काढून आणायचे असतात. म्हणून सकाळी पोचल्याबरोबर पहिल्या चिठ्ठ्या द्यायच्या आणि त्या येईपर्यंत सूची वाचायच्या. काही चिठ्ठ्या तशाच परत येतात. ‘ब्रिटल’ असा शेरा असेल तर कागद इतका जीर्ण आहे की हाताळू देणार नाहीत. सूक्ष्मपट किंवा डिजिटल प्रत आहे का ते विचारा. ‘एनटी’ असा शेरा असेल तर ‘नॉट ट्रान्सफर्ड’. म्हणजे कागद सूचीत आहे, पण संबंधित खात्यानं तो अभिलेखागाराकडे दिलेलाच नाही. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यानं खात्यांवर जबाबदाऱ्या टाकल्या आहेत, तरी अभिलेखागार त्याच्याकडे आलेलंच दाखवू शकतं. विसाव्या शतकावर काम करणाऱ्यांना ही दोन अक्षरं फार छळतात. १८१८ वाल्यांना कमी. जुन्या विषयाचे काही फायदे असतात.

प्रत्येक चिठ्ठीमागे पर्याय ठेवायचा. आप्पासाहेबांच्या पलायनाचं गुप्त कन्सल्टेशन ‘ब्रिटल’ निघालं, तर तीच हकीकत लष्करी खात्याकडे पहाऱ्यावरच्या शिपायांच्या चौकशीच्या निमित्तानं गेलेली असू शकते. तिथेही नसेल तर लंडनला. आणि लंडनबद्दल एक गैरसमज: नावातल्या साधर्म्यामुळे लोक कंपनीचे कागद क्यूच्या ‘नॅशनल आर्काइव्हज’मध्ये शोधतात. इंडिया ऑफिसचं दप्तर ब्रिटिश लायब्ररीत आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि ऑनलाइन सूचीच दीर्घकाळ बंद पडली. ज्यांनी क्रमांक आपापल्या वहीत उतरवून ठेवले होते त्यांचं काम त्यातल्या त्यात चालू राहिलं.

हाती कागद आला की आधी त्याचा पत्ता उतरवा, मग मजकूर. खातं, शाखा, तारीख, क्रमांक, पान. कुणी, कुणाला, कुठून, कोणत्या दिवशी. हे न लिहिता मजकुराकडे धावायचा मोह होतोच, विशेषतः एखाद्या कारकुनाच्या वळणदार अक्षरात ओळखीचं गाव दिसतं तेव्हा. त्या अक्षराची सवय व्हायला एक दिवस लागतो. पहिल्या दिवशी तासाला एक पान, तिसऱ्या दिवशी तासाला आठ. म्हणून पहिल्या दिवशी सगळ्यांत महत्त्वाचा कागद मागवू नका, त्याच कारकुनाच्या हातचा एखादा किरकोळ मागवा आणि डोळे तयार करा. संपूर्ण उतरवत बसण्यापेक्षा नकलेसाठी अर्ज द्या, पण पहिल्या दोन-तीन दिवसांतच. शेवटच्या दिवशी दिलेला अर्ज टपालाच्या भरवशावर राहतो.

पत्राच्या मागच्या बाजूला आणि समासात पाहायला विसरू नका. कुणीतरी ‘प्रत पुण्याला पाठवली’ असं बारीक अक्षरात टिपलेलं असतं, आणि त्या तीन शब्दांत पुढच्या प्रवासाचं ठिकाण असतं. मजकूर छापील पुस्तकातही मिळू शकेल, पण प्रत कुठे गेली ते फक्त समास सांगतो. आमचे एक परिचित निवृत्त पोस्टमास्तर म्हणायचे, “अहो, पत्रात काय लिहिलंय ते घरच्यांना विचारा, शिक्के कुठले ते मला विचारा.” अभिलेखागारात बसलं की त्यांचं म्हणणं आठवतं.

आप्पासाहेबांच्या बाबतीत हे शिक्के फार लांब नेतात. ते पंजाबात गेले तेव्हा त्यांच्यावर नजर ठेवणारी कचेरी लुधियान्याची होती. तिचं दप्तर आज लाहोरला, पंजाब सरकारच्या अभिलेखागारात आहे, आणि ते अभिलेखागार अनारकलीच्या मकबऱ्यात आहे. जोधपुरात त्यांना महाराजा मानसिंहांनी आश्रय दिला. जोधपूर संस्थानच्या बह्या, म्हणजे लांबट शिवलेल्या हिशेबाच्या आणि हकीकतीच्या चोपड्या, बिकानेरच्या राजस्थान राज्य अभिलेखागारात आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ आता संगणकावर पाहता येतात. त्या मारवाडीत आहेत. मोडी शिकलेल्या माणसाला ती लिपी पहिल्या दिवशी परकी वाटते, आठवड्यानं चुलत वाटते.

अधारतालहून निघालेल्या एका वहीचं शेवटचं पान माझ्यासमोर आहे. दिल्लीची यादी, त्यातल्या नऊ क्रमांकांवर बरोबरची खूण, दोन ‘ब्रिटल’, एक ‘सापडलं नाही’. खाली: नागपूर, मोडी, दिवाळीनंतर. पुणे, रुमाल क्रमांक विचारणे. बिकानेर, पुढच्या फेब्रुवारीत, मारवाडी वाचणारा कुणीतरी बरोबर हवा. आणि त्याखाली पेन्सिलीनं, पुसून पुन्हा लिहिलेलं: लाहोर, तूर्त नाही.